एकराचे हेक्टर

नवी मुंबईसाठी संपादित झालेल्या जमिनीच्या बदल्यात सिडको तिच्या साडेबारा टक्के भूखंड देते. या साडेबारा टक्क्यांच्या फायलीत वारसांची भांडणे असतात, ती सुटतात. क्षेत्राची चूक मात्र कुणी बघत नाही. अटल सेतू सुरू झाला, विमानतळ झाला, आणि बेलापूरपट्टीतल्या ट्रंकांमधून पिवळे सातबारे बाहेर पडू लागले. त्यातलीच ही एक फाईल.

हस्तलिखित सातबाऱ्यावर क्षेत्र १-१०-०. वरचा छापील रकाना हेक्टर-आरचा. म्हणजे ११,००० चौरस मीटर. साडेबारातले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी कापले जातात, हातात येतात पावणेनऊ. म्हणून दलालाने ९६२ मीटरचा भूखंड धरून विसार मिळवून दिला होता. आकडा मला खटकला. जुना आकडा नव्या रकान्यात तसाच उतरवलेला असला, तर तो १ एकर १० गुंठे. म्हणजे ५,०५९ मीटर, आणि भूखंड जेमतेम ४४२.

आधी आकार, म्हणजे शेतसारा, पाहिला. शेजारच्या चार सर्व्हे नंबरांचा एकरी दर काढला. आमच्या नंबरला तो ५० गुंठे धरले तरच जुळत होता. पण आकारावरून फक्त संशय घेता येतो. म्हणून टिपणाची, म्हणजे मूळ मोजणीच्या कागदाची, नक्कल काढली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक चौरस साखळी म्हणजे बरोबर एक गुंठा. कर्ण १२-८, लंब ३-४ आणि ४-१२. इथे नवखे १२-८ चे १२.८ करतात, ते साडेबारा आहे (योगायोग बघा). लंबांची बेरीज ८. साडेबारा गुणिले आठ, भागिले दोन : ५० गुंठे. शंभर वर्षांपूर्वीच्या मोजणीदाराचे काम चोख. घाण केली ती सातबारा उतरवणाऱ्या कारकुनाने, आणि दलालाने गुणाकार करायचेही कष्ट घेतले नाहीत.

घरी जाऊन सांगितले. विसाराच्या पैशात एका मुलाचे लग्न झालेले. सगळे गप्प. म्हातारी तेवढी म्हणाली, "मंग बांधापल्याडची खार कनाला मोजली नाय?"

उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, पलीकडे तेवढीच खाडीकाठची खार जमीन होती म्हणे, म्हणजे एकूण दुप्पट; खाऱ्या पाण्यातला भात पिकायचा. टिपणाची हद्द बांधावर संपते. पलीकडे नंबर नाही, आकार नाही, म्हणून संपादनाच्या निवाड्यात नाव नाही, मोबदला नाही. १९८४ च्या आंदोलनात पाच जणांनी जीव दिले, तेव्हा कुठे १९९० मध्ये साडेबारा टक्के मिळाले. पण तेही संपादित क्षेत्राचे. म्हातारीचे 'दुप्पट' आणि कारकुनाचे 'दुप्पट' जवळपास सारखेच निघाले, याचे काय करायचे मला अजून कळलेले नाही. अहवालात मी ५० गुंठेच लिहिले.

नंतर जागा बघून आलो. उघाडीच्या ठिकाणी आता धारण तलावाची (पावसाचे पाणी साठवणाऱ्या तळ्याची) झडप आहे. ओहोटीला उघडते, भरतीला मिटते. काम तेच.