आरएस 230, 60 हजार किमीची सर्व्हिस: किल्ली दुसऱ्याच्या हातात देताना

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 230, भारतात 2017 साली आलेली. 2.0 टीएसआय (टर्बो पेट्रोल), 230 पीएस, 350 न्यूटन-मीटर, ओल्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स. मुक्काम इंदूर. इंजिन कंपनीतून आलं तसंच आहे, रीमॅप (ताकद वाढवायला सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल) नाही. ही नोंद 57,300 पासून 60,400 किमीपर्यंतची, आणि सगळं काम अधिकृत वर्कशॉपमधलं. डीएसजीच्या तेलाला निदानयंत्र आणि सपाट लिफ्ट लागते, गाडी पुढेमागे विकताना सर्व्हिसचा इतिहासही सलग लागतो. त्यामुळे गल्लीतल्या उस्तादाकडे जाणं ह्या वेळी बाद.

हौशी लोकांत पहिली शंका एकच असते: "पोरं गाडी पिळणार तर नाहीत?" पिळतात, कधीकधी. पण रोजचं नुकसान करतात ते न्यूमॅटिक गन (हवेच्या दाबाने बोल्ट आवळणारी), चुकीच्या जागी टेकवलेला जॅक आणि घाई. मेकॅनिकला दिवसभरात ठरावीक गाड्या उरकायच्या असतात. त्याच्यासमोरच्या दहा गाड्यांपैकी नऊंना जे चालतं तेच तो दहावीला करतो. दहावी गाडी वेगळी आहे हे त्याला जॉब कार्डावर दिसलं पाहिजे. काउंटरवर तोंडी सांगितलेलं लिफ्टपर्यंत पोचत नाही.

57,300 किमी, मे: इंजिन ऑइल, चाकांची अदलाबदल

शनिवार आणि महिन्याची अखेर टाळली. रंगपंचमीच्या गेरीचा (मिरवणुकीचा) आठवडा आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवसही टाळावेत, निम्मी माणसं जागेवर नसतात आणि उरलेल्यांवर दुप्पट गाड्या. बुधवार, सकाळचा पहिला स्लॉट. घरून गाडी नेण्या-आणण्याची सोय घेतली नाही. ए.बी. रोडच्या गर्दीत गाडी अनोळखी ड्रायव्हरच्या हाती जाते आणि ती कोणी, कधी, किती चालवली हे मागून कळत नाही.

जॉब कार्डावर लिहून घेतलेल्या ओळी:

चाकांचे बोल्ट हाताने सुरू करायचे, शेवटी टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरावर टिक करणाऱ्या पान्याने) 120 न्यूटन-मीटर. गन फक्त ढिलं करायला, लॉक बोल्टवर (चाक चोरीला जाऊ नये म्हणून खास किल्लीने उघडणारा) तीही नाही. उचलताना रबरी पॅड. ऑइल सीलबंद डब्यातून, डबे गाडीत परत. गाडी धुवायची नाही. टेस्ट ड्राइव्ह 5 किमीपर्यंत.

अ‍ॅडव्हायझरला ह्यातल्या बऱ्याच ओळी नखऱ्याच्या वाटतात. वाटू द्या. कार्डाची प्रत मात्र सहीसकट घ्या. नंतर फ्लोअरवर जाऊन ज्याच्या हाती गाडी जाणार त्याला एकदा भेटा. इथे साध्या इंदुरीत "भिया, टाइट करते टाइम गन नी चलाना, लॉक की चाबी इस पाउच में है" एवढं म्हटलं की पुरतं. त्याच्या कामावर शंका घेतोय असा सूर लागला तर पुढची दोन वाक्यं वाया जातात.

लॉक बोल्टचं अडॅप्टर हा सगळ्यात दुबळा तुकडा. गनच्या झटक्याने त्याचे दात सोलले जातात, मग रस्त्यात पंक्चर झालं की चाक निघत नाही. ते टूलकिटच्या तळाशी न ठेवता वेगळ्या पाउचात, नाव लिहून, ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायचं. परत घेताना पहिली नजर त्यावर.

ऑइल: फिल्टरसकट 5.7 लिटर. बिलावर 6 लिटर लागतं, म्हणजे साधारण 300 मिली उरलं पाहिजे, आणि ते तुमचं आहे. डब्याच्या पाठीवर व्हीडब्ल्यूचा (फोक्सवॅगनचा) मान्यता क्रमांक असतो, तो हँडबुकातल्या क्रमांकाशी जुळवायचा. नुसतं "5डब्ल्यू-40 सिंथेटिक" ही ओळख नाही. बॅरलमधून बंदुकीने भरलेल्या ऑइलचा क्रमांक कोणालाच सांगता येत नाही. चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा) बोल्ट दर वेळी नवा लागतो. लोखंडी चेंबरला 30 न्यूटन-मीटर. प्लॅस्टिकच्या चेंबरला वळवून बसणारा प्लॅस्टिकचा प्लग असतो, तो जुनाच लावला की आठवड्याभरात थेंब दिसू लागतो. हे सुटे भाग बिलात वेगळ्या ओळीवर दिसत नसतील तर जुनेच लागले असं धरून चाला.

डिपस्टिक तिथेच पाहिली: इंजिन गरम, जमीन सपाट, बंद केल्यावर काही मिनिटांनी. वरच्या खुणेच्या वर ऑइल असेल तर "थोडं जास्त आहे, चालतं" ऐकून निघू नका. जास्तीचं ऑइल क्रँक घुसळतो, फेस होतो, आणि श्वासनळीतून ते इनटेककडे जातं. उपसून बरोबर करून घ्यायचं.

डीएसजीचं काम तेव्हा मुद्दाम केलं नाही. कारण खाली.

गाडी आल्यावर घरची तपासणी, पाऊण तास

चाकं: प्रत्येक बोल्टवर आणि त्याच्या बाजूला रिमवर मार्करने एक सरळ रेघ ओढायची. बोल्ट पाव वळण ढिला करून टॉर्क रेंचने 120 ला परत आवळायचा. रेघ जुळली तर ठीक. टिक आवाज आला तरी रेघ अलीकडेच राहिली, तर आधी जास्त आवळला होता. एका वेळी एकच बोल्ट, गाडी जमिनीवर. फक्त रेंच लावून टिक ऐकणं पुरेसं नाही. त्यातून बोल्ट ढिला नाही एवढंच कळतं, अति आवळलेला असेल तर ते कळत नाही. ह्या वेळी वीसपैकी तीन बोल्टांची रेघ अलीकडे राहिली, तिन्ही उजव्या मागच्या चाकाचे. म्हणजे त्या चाकावर कोणीतरी गन लावलीच होती. असमान आवळणीने डिस्क वाकडी बसते आणि 90-100 च्या वेगाने ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. बरेच जण मग डिस्कलाच दोष देऊन नव्या घेतात.

हवा: वर्कशॉपमध्ये भरलेली हवा दुपारची असते. दर पाच-सहा अंशांमागे साधारण 1 पीएसआय फरक पडतो. मेमध्ये दुपारी 42 अंशांना बरोबर भरलेलं टायर पहाटे 27 ला अडीच-तीन पीएसआयने कमी दाखवतं. आकडा इंधनाच्या झाकणाच्या आत चिकटवलेला आहे, तो सकाळी थंड टायरवर मोजायचा. मग टायर-दाबाची नोंद गाडीच्या मेनूतून नव्याने साठवायची, नाहीतर चुकीच्या आधारावर इशारा देत राहते.

पोटाखालचं कव्हर: देण्याआधी खालून फोटो काढून टॉर्क्स स्क्रू मोजलेले असले तर वाद राहत नाही. इथे दोन कमी आले. सुटं राहिलेलं टोक बायपासवर 100 च्या पुढे फडफडतं, नंतर पावसाळ्यात पाण्याच्या धक्क्याने फाटतं.

सिल (दारांखालची कड): जॅकची जागा सिलवरच्या खुणेखाली, मजबूत केलेल्या पट्टीवरच. अर्धा इंच सरकला तरी पट्टी मुडपते, रंग उडतो, तिथून गंज. पट्टीची खाच असलेले रबरी पॅड चार घेऊन डिकीत ठेवा आणि गाडीबरोबर द्या. वर्कशॉपचं पॅड झिजलेलं असेल तर आपलं वापरलं जातं. मोफत मदत कोणी नाकारत नाही.

60,150 किमी, डिसेंबर: डीएसजी

ह्या गिअरबॉक्समध्ये तेलाची पातळी बाहेरून दिसत नाही. खालच्या छिद्रात प्लॅस्टिकची एक उभी नळी असते. इंजिन चालू ठेवून, तेल 35 ते 45 अंशांत असताना, नळीवरून थेंब गळू लागले की पातळी बरोबर. तापमान निदानयंत्रावर वाचायचं.

आता इंदूरचा मे आठवा. गाडी चालवत आणली तर गिअरबॉक्सचं तेल 80 च्या पुढे, आणि शेडमध्ये हवाच 40 च्या वर. ते तेल दिवसभरात 45 च्या खाली येणार कसं? मग गरम तेलावरच पातळी लावली जाते. गरम तेल फुगलेलं असल्याने नळीवरून जास्त वाहून जातं, आणि थंड झाल्यावर बॉक्समध्ये तेल कमी उरतं. लक्षणं लगेच दिसत नाहीत. काही हजार किमींनंतर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्का यायला लागतो आणि मेकॅट्रॉनिकवर (गिअरबॉक्सच्या नियंत्रक भागावर) संशय जातो. म्हणून हे काम थंडीत. गाडी आदल्या संध्याकाळी देऊन रात्रभर तिथेच ठेवली. सकाळी तेल गार, इंजिन सुरू केल्यावर 35 पर्यंत हळूहळू चढतं आणि मोजायला निवांत वेळ मिळतो. अट एवढीच की गाडी पहिल्या स्लॉटलाच लिफ्टवर चढली पाहिजे.

दुसरी हमखास चूक त्या नळीची. बाहेरचा ड्रेन बोल्ट काढला की थोडंसं तेल येतं आणि थांबतं. आतली नळी 8 मिमी अ‍ॅलनने काढली तरच बाकीचं निघतं. घाईत नळी राहून जाते, जुनं तेल आत, बिल पूर्ण. ओळखायची खूण सोपी: निघालेलं तेल मापाच्या भांड्यात किती? पाचाच्या आसपास यायला हवं. लिटरभर आलं तर काम थांबवा. नवं तेल साधारण 5.2 लिटर जातं, 6 डबे धरून चला. फिल्टर वरच्या बाजूला, झाकण 20 न्यूटन-मीटर. नळी फक्त 3 न्यूटन-मीटर, तिला लांब पाना लावला की तुटते. ड्रेन बोल्ट 45, वॉशर नवा. भरल्यावर ब्रेक दाबून लिव्हर पी-आर-एन-डी असा प्रत्येक जागी तीन-तीन सेकंद, मग मोजणी.

इथे 4.9 लिटर निघालं, पातळी 41 अंशांना लावली. दोन्ही आकडे टेक्निशियनने स्वतःहून कार्डावर लिहिले. मेमध्ये चाकं त्यानेच बसवली होती. रेघांचा फोटो तेव्हा त्याला, एकट्याला, दाखवला होता. अ‍ॅडव्हायझरकडे तक्रार गेली असती तर कार्डावरचे हे आकडे बहुधा मिळाले नसते.

पुढच्या डिफरन्शियलला व्हीएक्यू (पुढच्या चाकांत ताकद वाटणारं क्लच-लॉक) असेल तर त्याला स्वतःचं वेगळं तेल असतं. गिअरबॉक्सच्या तेलाशी त्याचा संबंध नाही. साध्या ऑक्टाव्हियात तो भागच नसल्याने सवयीने राहून जातं. कार्डावर नाव घालून लिहा, नाहीतर कोणी हात लावणार नाही.

स्पार्क प्लगही ह्याच वेळी, 30 न्यूटन-मीटर, इंजिन गार असताना.

टेस्ट ड्राइव्हबद्दल

बंदी घालू नका. गिअरबॉक्सच्या कामानंतर ती लागतेच. देताना गाडीच्या संगणकातली दीर्घ नोंद शून्य केली, इंधनकाटा आणि ओडोमीटर ह्यांचा फोटो काढला, एकच किल्ली दिली. परत आली तेव्हा 6 किमी, सरासरी वेग 28. शहरात फिरल्यासारखाच आकडा आहे. कार्डावर एक ओळ जास्त टाकली होती: ऑइलचं तापमान 80 होईपर्यंत 3,000 आरपीएमच्या आत. पाण्याचा काटा 90 वर लवकर येतो, ऑइल बरंच मागून येतं. थंड इंजिन ओढण्याचा तोटा टर्बोला होतो, आणि तो ओढणाऱ्याला माहीतही नसतो. पिथमपूरजवळ नॅट्रॅक्स ह्या वाहन-चाचणी केंद्राचा 11.3 किमीचा ओव्हल ट्रॅक असलेल्या ह्या शहरात गाडी किती पळते ह्याचं कुतूहल वर्कशॉपमध्येही आहे. ते असू द्यावं.

रीमॅप असलेल्यांना एकच: सॉफ्टवेअर अपडेट करू नका असं लिहून द्या. अपडेटने मॅप पुसला जातो, आणि इसीयूत (इंजिनाच्या संगणकात) बदल सापडला तर कंपनीच्या नोंदीत टीडी1 ची खूण लागून इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीला कायमची अडचण होते. आणि अपडेट करायचाच तर बॅटरीला चार्जर जोडूनच.

60,400 किमी

गिअर मऊ पडतायत, खाली थेंब नाही. बोल्टांच्या रेघा ह्या वेळी वीसच्या वीस जुळल्या. कव्हरचे दोन स्क्रू अजून आलेले नाहीत. तोवर त्या जागी प्लॅस्टिकचे टाय लावलेत, एक्झॉस्टपासून हातभर दूर. ब्रेक ऑइल पावसाळ्याआधी.