लिलावाची जाहिरात येण्याआधी

मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर ‘ताबा सूचना’ आणि ‘ई-लिलाव’ अशा मथळ्यांची बारीक टाइपातली कोष्टके छापून येतात. कर्जदार म्हणून नवऱ्याचे नाव, सहकर्जदार म्हणून बायकोचे, मग सदनिकेचे चटई क्षेत्र, थकबाकी, राखीव किंमत, म्हणजे बोलीची किमान रक्कम, आणि ‘जसे आहे, जेथे आहे’ ही अट. वसई-विरार किंवा बदलापूरकडची अशी घरे वाचताना मी थकबाकी आणि राखीव किंमत ताडून पाहतो. थकबाकी मोठी असेल आणि बोली तिथवर पोहोचली नाही, तर घर जाऊनही कर्ज उरते, कारण गहाण मालमत्ता कोर्टात न जाता विकण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार उरलेली रक्कम बँक कर्जदाराकडून वसूल करू शकते.

हा तोटा लिलावाच्या दिवशी सुरू होत नाही. तीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २६,०३५ रुपये बसतो आणि पहिल्या हप्त्यातले २१,२५० रुपये निव्वळ व्याजात जातात. पाच वर्षे एकही हप्ता न चुकवता साडेपंधरा लाखांहून अधिक भरले, तरी मुद्दल साडेतीन लाखांच्या आसपासच फिटलेले असते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च तर विक्रीच्या वेळी कोणी परत देत नाही. त्यात मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि बदलत्या व्याजदराची कर्जे सर्वांनाच जड झाली.

हप्ते नव्वद दिवसांहून अधिक थकले की खाते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या भाषेत एनपीए, ठरते. मग साठ दिवसांच्या मुदतीची मागणी नोटीस, त्यानंतर ताबा आणि लिलाव. पहिल्या लिलावाला कोणी आले नाही, तर राखीव किंमत खाली आणली जाते. हे ठाऊक असल्यामुळे काही गुंतवणूकदार मुद्दाम पुढच्या फेरीची वाट पाहतात. सोसायटीची थकबाकी आणि घर रिकामे करून घेण्याची कटकट गृहीत धरून ते बोलीही कमीच लावतात.

म्हणूनच हप्ता झेपत नाही हे स्पष्ट दिसू लागले, की घर स्वतःच विकायला काढावे, मग खरेदीपेक्षा काही लाख कमी आले तरी चालतील, असे माझे ठाम मत आहे. नोकरी गेल्याचे किंवा घरातल्या आजारपणाचे नातेवाइकांना कळू नये, म्हणून माणसे महिनोन्‌महिने गप्प राहतात; त्यांची घालमेल मला समजते, पण याच महिन्यांत व्याज आणि दंड चढत जातो. मागणी नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही, आणि सरफेसी कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर संपूर्ण थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो. ही गोष्ट बँकांनी कर्जदाराला पहिला हप्ता थकताच, समोर बसवून, मराठीत सांगायला हवी. आज ती अनेकांना वकिलाकडे गेल्यावरच कळते.

विक्री ठरली की कर्जखात्याचा उतारा आणि बाकी रकमेचे पत्र बँकेकडून मागून घ्यावे. खरेदीदाराने कर्ज काढले असेल, तर त्याची बँक ती रक्कम थेट तुमच्या बँकेत भरू शकते. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले आहे, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते.