हळदीचा डाग आणि विरजणाच्या तीन वाट्या

सोसायटीतल्या दुसरी ते चौथीच्या मुलांना सुट्टीत हाताने काही करायला मिळावं, म्हणून मी घरी प्रयोग सुरू केले. सामान सगळं स्वयंपाकघरातलंच. नियम दोनच: आधी काय होईल ते प्रत्येकाने वहीत लिहायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिल्या नियमावर मी अजिबात सूट देत नाही. अंदाज लिहिला की मूल निकालाची वाट बघतं, नाहीतर नुसती गंमत बघून उठतं.

सोडा-लिंबाचा फेस सगळ्यांना माहीत असतो. बाटलीच्या तोंडाला फुगा लावला की तो फुगतो आणि कार्बन डायऑक्साइड प्रत्यक्ष दिसतो, एवढं पुरे.

खरी रंगत हळदीने आणली. हळद पाण्यात कालवून जाड कागदावर फासली, कागद सावलीत वाळवला आणि पट्ट्या कापल्या. साबणाच्या पाण्याचा थेंब पडला की पिवळ्याचा लालसर तपकिरी होतो. त्याच डागावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. हळदीतलं करक्युमिन साबणासारख्या अल्कलीत रंग बदलतं आणि आम्लात मूळ रंगावर येतं. मुलं मग घरभर थेंब टाकत सुटली: ताक, चिंचेचं पाणी, साखरेचं पाणी, भांड्यांचा साबण. ताकाने काहीच झालं नाही तेव्हा एकजण हिरमुसला. "काही झालं नाही" हेही वहीत लिहायचं, हे त्याला समजावणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. शर्टावरचा वरणाचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो, हे मात्र त्यांनीच मला सांगितलं. पट्टीवर चुना लावायचा प्रयोग मी स्वतः करून दाखवला. चुना डोळ्यात गेला तर इजा होते, तो मुलांच्या हातात देऊ नये.

नंतर विरजण. तीन वाट्यांत एकाच पातेल्यातलं तापवलेलं दूध, तिन्हींत एकेक चमचा दही. पहिल्या वाटीतलं दूध कोमट, साधारण 40 अंश, ती ओट्यावर झाकून ठेवली. दुसरीतलं तसंच कोमट, पण ती फ्रिजमध्ये. तिसरीतलं दूध उकळतं असतानाच मी दही घातलं आणि ती वाटी पहिलीशेजारी ठेवली. सकाळी पहिलीत घट्ट दही होतं, फ्रिजमधलं दूध पातळच आणि तिसरीतही दही लागलेलं नव्हतं.

तेवढ्यात तिसरीच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "काकू, फ्रिजमधली आता बाहेर ठेवली तर?" हे माझ्या डोक्यातच नव्हतं. बहुतेकांनी लिहिलं, "लागणार नाही, जिवाणू मेले." आम्ही वाटी बाहेर काढली, दूध हळूहळू खोलीच्या तापमानाला आलं आणि दुसऱ्या दिवशी दही लागलं. उकळत्या दुधाची वाटी तशीच राहिली. थंडीत दह्यातले जिवाणू, म्हणजे लॅक्टोबॅसिलस, मंदावतात, उकळत्या दुधात मरतात, हा फरक मला वेगळा शिकवावा लागला नाही.

फ्रिजमधल्या वाटीचा प्रश्न विचारणारीच आता इडलीच्या पिठाचे दोन डबे मागते आहे, एक मीठ घातलेला आणि एक बिनमिठाचा. अंदाज लिहून झाले आहेत, पीठ आज रात्री वाटणार.