पारा उडालेला आरसा

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवरच्या एखाद्या दुकानात भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या आरशासमोर आपण जरा रेंगाळलो, की दुकानदार जागचा न हलता ‘असली बेल्जियम है’ एवढेच म्हणतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो. त्याला अधिक काही बोलावे लागत नाही, कारण चांगला आरसा म्हणजे बेल्जियमचा, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ती अगदीच निराधार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काच बाहेर पाठवणाऱ्या देशांत बेल्जियमचा क्रमांक फार वरचा होता, आणि त्या काळात व नंतरही मुंबईच्या शेटजींच्या दिवाणखान्यांत, नाटकगृहांत आणि इराण्यांच्या हॉटेलांत जाड काचेचे, कडेला पैलू पाडलेले आरसे लागत गेले. मात्र काचेवर तिचे गाव लिहिलेले नसते, आणि बाजारात बेल्जियमच्या नावाने विकले जाणारे सगळे आरसे खरोखर तिथलेच असते तर त्या एवढ्याशा देशाला दुसरे काही करायला सवडच मिळाली नसती. म्हणून घरासाठी जुना आरसा निवडताना त्याचे कूळ विचारण्यात वेळ न घालवता त्याची पाठ पाहावी, असे माझे मत आहे.

पाठ पाहायची ती तिथला थर कसा आहे हे कळावे म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातले काचेचे आरसे पारा आणि कथील यांच्या मिश्रणाने घडत. सपाट दगडी मेजावर कथलाचा कागदासारखा पातळ पत्रा पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, घासून लख्ख केलेली काच एका बाजूने सरकवत त्यावर आणायची, वरून वजने ठेवायची आणि मग मेज हळूहळू तिरपे करत जादा पारा निथळू द्यायचा, असा तो उद्योग असे आणि निथळण्याचे हे काम काही आठवडे चाले. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या कारागिरांनी ही विद्या फार जपली होती. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने त्यांतल्या काही जणांना फ्रान्सला फोडून आणले, १६६५ मध्ये राजाश्रयाने आरशांचा कारखाना काढला, आणि १६८४ मध्ये पुऱ्या झालेल्या व्हर्सायच्या आरसेमहालात त्याच कारखान्याचे ३५७ आरसे बसले. आपल्या गल्लीतल्या काचवाल्याकडे ज्या सेंट-गोबेनच्या नावाची काच आज मिळते, ती कंपनी या १६६५ च्या कारखान्याचीच वारस आहे. राजाच्या महालापासून आपल्या न्हाणीघराच्या खिडकीपर्यंतचा हा प्रवास मला व्हर्सायच्या वैभवापेक्षा जास्त मौजेचा वाटतो.

पाऱ्याच्या वाफेने हे आरसे करणाऱ्यांचे हातपाय कापू लागत, दात पडत, आयुष्य अर्ध्यावर संपे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने १८३५ मध्ये काचेवर चांदीचा थर बसवण्याची रासायनिक क्रिया सांगितली आणि १८५६ च्या सुमारास ती कारखान्यात चालेल अशी केली. तरीही पाऱ्याचे आरसे लगेच गेले नाहीत. शतक संपेपर्यंत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी विकले जात होते. आपण आजही सर्रास ‘आरशाचा पारा उडाला’ असे म्हणतो, पण मला जुन्या बाजारात दिसलेले बहुतेक आरसे चांदीचेच होते.

या दोन्हींतला फरक ओळखायला पांढरा रुमाल पुरतो. रुमालाचा कोपरा काचेला टेकवावा आणि खरा रुमाल व त्याचे प्रतिबिंब शेजारी शेजारी पाहावे. चांदीच्या आरशात प्रतिबिंबाला किंचित पिवळसर, उबदार झाक येते. पाऱ्याच्या आरशात ते करडे-निळसर दिसते, आणि बॅटरीचा उजेड तिरपा टाकला तर थरात बारीक चमचमणारे कण दिसतात. जुनेपणही दोघांचे वेगवेगळे असते. चांदीचा थर हवेतल्या गंधकाने आणि ओलीने काळवंडतो, आणि हे काळवंडणे जवळजवळ नेहमी कडेकडून, त्यातही खालच्या कडेकडून आत येते, कारण पाणी तिथे साचते आणि पुसणाऱ्याचा ओला फडकाही तिथेच थांबतो. पाऱ्याच्या आरशात खालच्या कडेला क्वचित पाऱ्याचे बारीक थेंब जमलेले असतात. तसे दिसले तर तो आरसा कितीही देखणा असला तरी घरात आणू नये, आणि कुठल्याच पाऱ्याच्या आरशाची पाठ खरवडू नये.

ही डागांची रीत लक्षात ठेवली की हल्ली नव्याने ‘जुने’ केलेले आरसेही पकडता येतात. नव्या आरशाची पाठ आम्लाने खाऊन त्यावर डाग पाडण्याचा धंदा आता चांगलाच बोकाळला आहे. पण माणूस डाग पाडायला बसला की तो नकळत सगळीकडे सारखे पाडतो. मध्यभागी आणि चारी कोपऱ्यांत एकाच दाटीने ठिपके दिसले की समजावे, हा आरसा गेल्या दिवाळीनंतरचा आहे. दुसरी खूण काचेच्या सपाटीची. समोर खिडकीचे गज किंवा दाराची उभी चौकट येईल असे उभे राहून डोके सावकाश एका बाजूने दुसऱ्या बाजूला न्यावे. जुन्या काचेत त्या सरळ रेषा मध्येच जराशा लवतात आणि पुन्हा सरळ होतात. वितळलेल्या कथलाच्या कुंडावर काच तरंगवून ती आपोआप सपाट करण्याची पिलकिंग्टन कंपनीची पद्धत १९५९ मध्ये जाहीर झाली. तिच्या आधीची काच ओतून किंवा ओढून केलेली आणि पुढे बहुधा हाताने वा यंत्राने घासलेली असे, त्यामुळे ती थोडीफार लहरी निघणारच. गंमत अशी की पूर्वी आरशाच्या पाठीला असलेले कथील आता काच घडतानाच तिच्या पोटाखाली गेले आहे.

पैलूंचेही तसेच. हाताने घासलेला जुना पैलू इतका उथळ असतो की डोळे मिटून बोट फिरवले तर तो कुठे सुरू झाला हे नीट सांगता येत नाही. यंत्राच्या पैलूला मात्र कड लागते.

आता वाद होतो तो पुढच्या प्रश्नावर. असा डागाळलेला आरसा घरी आणला की कोणीतरी हमखास सुचवते, की चौकट फार छान आहे, आतली काच तेवढी बदलून घ्या, नाहीतर मागून नवा थर तरी मारून घ्या. मला हे मुळीच पटत नाही. चौकट सागवानी असो की शिसवी, तिच्यासारखी दुसरी आजही एखादा चांगला सुतार घडवून देईल. तो थर मात्र एकदा खरवडला की गेला. आणि जुना आरसा घ्यायचा तो तोंड पाहायला नव्हेच. दाढी करायला, निऱ्या बघायला, डोळ्यांत गेलेले कुसळ शोधायला न्हाणीघरातला किंवा कपाटाच्या दारातला नवा आरसा आहेच, आणि तो हे काम उत्तम करतो. जुना आरसा खोलीसाठी असतो. तेलाच्या समया आणि मेणबत्त्या होत्या त्या काळी दिव्यामागे आरसा लावला की तेवढ्याच तेलात उजेड वाढे. आरसेमहालांची हौस, मग ती व्हर्सायची असो की १८२८ च्या आगीत गेलेल्या शनिवारवाड्याची, आरशाच्या याच गुणाचा फायदा घेई. विजेच्या पांढऱ्या झगझगीत पट्टीखाली जुन्या आरशाची कळा जाते. त्याच्याजवळ एक मंद पिवळा दिवा ठेवावा आणि तो आरशात दिसेल असा ठेवावा, म्हणजे डागांमधून उजेड कसा मुरत येतो ते कळते.

हे सगळ्यांत नीट जमले होते ते इराण्यांना. कोपऱ्यावरच्या लांबट जागेत दोन्ही भिंतींना आरसे, मधे संगमरवरी टेबले आणि काळ्या वाकीव लाकडाच्या खुर्च्या, अशी ती मांडणी असे. त्यामुळे जागा दुप्पट दिसे, रस्त्यावरचा उजेड शेवटच्या टेबलापर्यंत पोचे, आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाला मान न वळवता सगळ्यांवर नजर ठेवता येई. आपल्या घरातही आरसा लावण्यापूर्वी त्यात काय दिसणार आहे ते आधी पाहावे. आरशाइतक्या मापाचा पुठ्ठा भिंतीवर धरून त्याच्या जागी उभे राहिले की समोरचे दृश्य कळते. समोर झाड असलेली खिडकी असेल तर सोन्याहून पिवळे. समोर चपलांचा कट्टा असेल तर घरात चपला दुप्पट होतील. वास्तुशास्त्र जाणणारे उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत सुचवतात. मी त्यांच्याशी भांडत नाही, फक्त ती भिंत पावसाच्या झोडीची नाही ना, एवढे पाहून घ्यावे असे सांगतो. कोकणात आणि मुंबईत बाहेरच्या भिंती जूनपासून ओल धरतात, आणि त्या ओलीला टेकलेली चांदी एकदोन पावसाळ्यांत जितकी खराब होते तितकी आधीच्या पन्नास वर्षांत झालेली नसते. आतली भिंत निवडावी, चौकटीच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून हवा खेळायला फट ठेवावी, आणि पुसताना पाणी किंवा फवाऱ्याचे औषध काचेवर न उडवता कोरडे मऊ फडके वापरावे. जाड काचेचा आरसा उचलताना दोन माणसांना धाप लागते. नव्या इमारतींच्या पोकळ, हलक्या विटांच्या भिंतीत साधा खिळा त्याला पेलत नाही, म्हणून खालून आधाराची पट्टी घ्यावीच. आणि टेम्पोतून आणताना तो उभाच आणावा, आडवा टाकलेला आरसा पहिल्याच खड्ड्यात आपल्याच वजनाने तडकतो.

चौकटींबद्दल फार सांगण्यासारखे नाही. लाकूड पोखरणाऱ्या किड्याची भोके टोकरून पाहावीत, ताजा पांढरा भुसा सांडला तर घेऊ नये. मागे जुन्या फळ्यांऐवजी प्लायवूड असेल तर भाव पाडून मागावा, कारण एकदा तरी तो आरसा उघडला गेला आहे. अति कोरीव, सोनेरी मुलाम्याच्या चौकटींपेक्षा केशकर्तनालयातून किंवा शिंप्याच्या दुकानातून निघालेले साधे, लांबट आरसे मला आपल्या बेताच्या खोल्यांत जास्त शोभतात, आणि ते पुष्कळ स्वस्तही पडतात.

मोठ्या आरशाला भिंतच नसेल तर फणेरपेटी शोधावी. पुण्याच्या जुन्या बाजारात ती अजून अधूनमधून दिसते: तळहाताहून थोडी मोठी सागवानी किंवा शिसवी पेटी, झाकणाच्या आतून बसवलेला आरसा, खाली कुंकवाचा, मेणाचा आणि फणीचा खण. बऱ्याच पेट्यांत कुंकवाच्या खणाभोवतीचे लाकूड इतके लाल झालेले असते की पॉलिशवाल्यालाही ते काढता येत नाही, आणि त्याने काढूही नये. विकत घेणारे ही पेटी हौसेने दिवाणखान्यातल्या उंच कपाटावर मांडतात, आणि मग तिच्या आरशात छताचा पंखा तेवढा दिसतो. पाटावर मांडी घालून बसलेल्या बाईसाठी तो आरसा तिरका बसवलेला आहे. ती जमिनीवर किंवा बैठकीच्या गादीशेजारी ठेवली, झाकण टेकून उभे केले आणि समोर बसले, की मगच तिच्यात चेहरा येतो.