यंदाच्या पोपटीची नोंद: तीन खेपा, एक फुटकं मडकं

२८ डिसेंबर

पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा पाल्यासकट मडक्यात भरून, ते उपडं करून भोवती जाळ लावून शिजवायच्या. त्यासाठी इतकी वर्षं पेणजवळ मामांच्या शेतावर जायचो, जाळाशी हात शेकायचो, आयत्या शेंगा खाऊन पनवेलला परत यायचो. यंदा मामांचे गुडघे धरलेत. म्हणून करार असा झाला की मडकं मी लावायचं आणि मामांनी खुर्चीत बसून बोलायचं. दोघांनीही आपापलं काम चोख केलं.

भात कापून झाल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावर वाल वाढलाय. शेंगा भरल्यात, पण अजून हिरव्या. तीन किलो तोडल्या. बांधावरचा भांबुर्डीचा, म्हणजे उग्र वासाच्या रानझुडपाचा, पाला मात्र दोनच मुठी आणला. म्हटलं, वासापुरता तर लागतो. इथेच फसलो. मडकं उपडं करताना तोंडाचा बोळा सैल होऊन खाली आला. कडेच्या शेंगा करपल्या, मधल्या कच्च्या, आणि बटाटे तर घरी नेऊन कुकरला लावले.

मामा म्हणाले, "अरे, मडक्यात पाण्याचा थेंब घालतो का आपण? मग शिजणार कशावर? शेंगांची ओल आणि पाल्याची ओल, तीच वाफ. ती तू सोडून दिलीस."

मी सगळा वेळ जाळाकडे बघत होतो. बघायला हवं होतं मडक्याच्या तोंडाकडे.

११ जानेवारी

या वेळी पाला पोतंभर. तळाला जाड थर, मग शेंगा, वर जाडं मीठ आणि ओवा, पुन्हा शेंगा. मध्ये कोंबडी: आलं-लसूण, हळद, घरचा मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली. पान आधी जाळावर फिरवून घेतलं, नाहीतर घडी घालताना फाटतं. तोंडाशी पाला असा ठासला की मडकं हलवलं तरी आतून आवाज नाही. खूश होतो.

आणि मडकं फुटलं. नवं मडकं सकाळी धुतलं, ओलंच भरलं आणि पहिल्यापासून मोठी लाकडं रचून भडका केला. दहाव्या मिनिटाला टक्‌कन आवाज आला. समोर ऑफिसातली नऊ माणसं हातात कागदाच्या प्लेटा घेऊन उभी! केळीच्या पानामुळे कोंबडी तेवढी वाचली. ती निखाऱ्यांवर पुरी भाजून घेतली, मामींनी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, आणि कुणी उपाशी गेलं नाही. दोघांना तर हाच बेत होता असं वाटलं. मी काही बोललो नाही.

मडकं जुनं, आधी एकदोनदा तापलेलं असेल तर बरं. नवं असेल तर धुऊन दोन दिवस उन्हात ठेवावं.

२५ जानेवारी

जमली.

दोन मडकी लावली. एक मित्र शाकाहारी आहे, त्याला 'कोंबडीच्या बाजूच्या शेंगा खा' म्हणणं बरं नव्हे. त्याच्या लहान मडक्यात शेंगा, बटाटे, रताळी. मोठ्यात शेंगा, कोंबडीच्या दोन पुड्या आणि सहा अंडी, धुऊन तशीच अख्खी. बटाटे या वेळी मडक्याच्या बुडाकडे ठेवले. मडकं उपडं केलं की बूड वर येतं आणि सगळा जाळ तिथेच बसतो. तोंडाकडची बाजू जमिनीला टेकून गार राहते, पहिल्या खेपेला बटाटे त्यामुळेच राहिले होते.

वीतभर खोल खड्डा, त्यात मडकी उपडी. भोवती आधी पेंढा आणि सुक्या झावळ्या, मग गोवऱ्या, लाकडं सगळ्यात शेवटी. संध्याकाळी खाडीकडून वारा सुटतो आणि जाळ एकाच अंगाला लागतो, म्हणून त्या बाजूला जुना पत्रा उभा केला. शेतात पेंढा पडलेला असतो, तेव्हा आजूबाजूची जमीन झाडून पाण्याची बादली जवळ ठेवली. निघताना निखाऱ्यांवर पाणी मीच ओतलं, पोरांवर सोडलं नाही.

चाळीस मिनिटं लागली. पण घड्याळावर जाऊ नये. मामांची खूण: मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र करून लगेच उडालं की झालं. त्याआधी दोनेक मिनिटं पाल्याचा तो उग्र वास मऊ होतो आणि शेंगांचा वास वर येतो. हे लिहून कळणार नाही, जाळाशी बसावं लागेल.

काठ्यांनी मडकी बाहेर काढली, पाला उपसला, शेंगा केळीच्या पानांवर ओतल्या. त्यानंतर अर्धा तास कुणी बोललं नाही. शेंग दातात धरून ओढायची, दाणे तोंडात, साल बाजूला. अलिबागचा पांढरा कांदा अजून बाजारात आला नाही म्हणून साधाच चिरला, वर लिंबू. बाकी चटण्या-सॉस काही ठेवलं नव्हतं आणि कुणी मागितलंही नाही. मोठं मडकं दहा जणांना पुरलं, तेही भाकरी होती म्हणून.

पुण्याच्या एका मित्राने गच्चीवर कोबीच्या पानांत पोपटी लावल्याचा फोटो पाठवलाय. शिजली असेल. पण भांबुर्डी नसेल तर मी तिला मडक्यातल्या शेंगा म्हणेन, पोपटी नाही.

८ फेब्रुवारीला शेवटची लावायची आहे. पुढे शेंगा जून होतात आणि बांधावरचा पालाही आतापासूनच सुकायला लागलाय. त्या वेळी कोनफळ (जांभळा कंद) घालायचं म्हणतोय. मामा सांगतात अख्खं घाल, मामी म्हणतात फोडी कर, नाहीतर आत दडस राहतं. ज्यांनी घातलंय त्यांनी रविवारच्या आत सांगा, म्हणजे घरात एकाची तरी बाजू घेता येईल.