आदिम अरण्य म्हणे!

पोलंडच्या आग्नेय टोकाला ब्येश्चादी पोव्यात आहे. त्याच्या पर्यटन-जाहिराती वाचल्या की डोकंच फिरतं. 'अस्पर्श निसर्ग' काय, 'आदिम अरण्य' काय! ऐंशी वर्षांपूर्वी यातल्या कित्येक उतारांवर नांगर चालत होता.

पोव्यात म्हणजे साधारण आपला तालुका. या पोव्यातचं क्षेत्रफळ सुमारे 1140 चौरस किलोमीटर आणि माणसं वीस-बावीस हजार. एवढी विरळ वस्ती का? तर सान नदीच्या पश्चिमेची बोयको लोकांची, म्हणजे या डोंगरांतल्या युक्रेनी समाजाची, गावं 1946-47 मध्ये उठवली. काहींना सोव्हिएत युक्रेनमध्ये धाडलं, उरलेल्यांना पोलंडच्या उत्तर-पश्चिमेला. पूर्वेचा भाग तेव्हा सोव्हिएतांकडे होता. 1951 मध्ये त्यांनी पोलंडकडून सोकाल गावाजवळचा कोळशाचा पट्टा घेतला आणि बदल्यात उस्त्शिकी दोल्ने, चार्ना, लुतोविस्का हा 480 चौरस किलोमीटरचा तुकडा दिला. इथले लोक दक्षिण युक्रेनला, सोकालकडचे पोल इथं. क्रोश्चेंकोत तर ग्रीक निर्वासित आणून बसवले! लुतोविस्काला सोव्हिएतांनी दिलेलं 'शेवचेंको' हे नाव 1957 पर्यंत टिकलं.

जंगलात गाव शोधायचं तर आधी झाडं बघा. सफरचंद आणि आलूबुखार एका रांगेत दिसले की ती परसबाग. अंगाला लागताच आग आग करणाऱ्या नेटलचं दाट रान दिसलं तर तिथं घर किंवा गोठा असणार. शेणाराखेनं कसदार झालेली माती त्याला मानवते. जुन्या लिंडन वृक्षांचं कडं असेल तर मधे चर्च होतं. घरं लाकडी, त्यामुळे उरतात ते जोत्याचे दगड आणि तळघराचा खड्डा. बेरेही गुर्ने या उठवलेल्या गावात रस्त्यालगतच्या दफनभूमीत दगडी क्रूस अजून आहेत. मे महिन्यात झाडं फुललेली असताना जावं. जुलैत गवत छातीला लागतं आणि जोती दिसत नाहीत. इथल्या राष्ट्रीय उद्यानात खुणेची वाट सोडायची नाही, तेव्हा सगळं वाटेवरूनच बघायचं.

चांदोलीतही उठवलेल्या गावांची जोती आहेतच. पण आपल्याकडे निदान धरणग्रस्ताचा दाखला तरी हातात पडतो. जमीन कधी मिळते, तो विषय वेगळा.

उभं राहिलेलं बघायचं असेल तर स्मोल्निक गाठा. तिथलं 1791 चं तीन छपरांचं ओंडक्यांचं चर्च 2013 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. बांधलं ग्रीक कॅथलिक (पोपला मानणारे, पण पूर्वेकडच्या पद्धतीनं प्रार्थना करणारे) बोयकोंनी, आज प्रार्थना होते ती रोमन कॅथलिकांची.