पिवळा रॅस वाळूत जातो तेव्हा : ४१ दिवसांची नोंद

समुद्री माशांची टाकी १२० × ४५ × ५० सेंमी, खडक-वाळू वजा जाता साधारण २२० लिटर पाणी. आधीपासूनचे मासे : क्लाउनफिशची जोडी, एक रॉयल ग्रामा, एक पिवळा टँग. नवा मासा ७ सेंमीचा पिवळा रॅस (हॅलिकोइरेस क्रायसस), बालीहून आलेल्या मालातला. पाठीच्या परावर काळे ठिपके आहेत, डोक्यावर नराचे हिरवट पट्टे नाहीत, म्हणजे मादी. या जातीत मादीचाच पुढे नर होतो.

मासा येण्याआधी

हा रॅस रात्री वाळूत झोपतो आणि घाबरला तरी वाळूतच शिरतो. म्हणून पहिला खर्च वाळूचा. दाणा ०.५ ते १.५ मिमी, थर किमान ५ सेंमी. ३-५ मिमीची पोवळ्याची खडी चालत नाही. वेगाने आत घुसताना पोट आणि तोंड खरचटतं, आणि त्याच जखमेत पुढे जंतुसंसर्ग होतो. पिठासारखी वाळू मात्र प्रत्येक बुडीला उडून पोवळ्यांवर बसते.

संपूर्ण तळाला ५ सेंमी थर द्यायचा तर सुमारे ४० किलो वाळू लागते. इथे उजव्या कोपऱ्यात ४० × ४५ सेंमी जागेत ६ सेंमी थर केला, त्याला १६ किलो पुरली. सगळे खडक थेट काचेवर टेकलेले आहेत. वाळूवर ठेवलेला खडक माशाने खालून उकरला की कलंडतो.

झाकणाला ६ मिमीची जाळी. ओव्हरफ्लोच्या (वरचं पाणी बाहेर नेणाऱ्या) पाइपाशी ३ सेंमीची फट राहिली होती, ती त्याच जाळीच्या तुकड्याने बंद केली. रॅस उडी मारतो तो बहुतेक वेळा दिवा अचानक विझल्यावर किंवा टँग मागे लागल्यावर, आणि नेमकी अशीच फट त्याला सापडते.

दिवस १

क्वारंटाइन टाकी (नवा मासा आधी वेगळा ठेवायची) ६० लिटर, तळ उघडा. २० × १५ सेंमीच्या प्लास्टिकच्या डब्यात ७ सेंमी सिलिका वाळू. पोवळ्याची वाळू औषधी तांबं शोषून घेते आणि मात्रा हातात राहत नाही, म्हणून इथे सिलिकाच. स्पंज फिल्टर महिनाभर मुख्य टाकीच्या सम्पमध्ये (खालच्या गाळणीच्या टाकीत) मुरवलेला, म्हणजे त्यात उपयोगी जिवाणू वसलेले.

खारेपणा दाखवणारी पाण्याची घनता : पिशवीतलं पाणी १.०२१, मुख्य टाकी १.०२५. क्वारंटाइन टाकी आधीच १.०२१ वर आणून ठेवली होती, त्यामुळे पिशवी २० मिनिटं तरंगवून तापमान २६ अंशांवर जुळलं की मासा थेट आत. लांबून आलेली पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसू नये. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी रूपात येतो.

चार मिनिटांत मासा डब्यातल्या वाळूत गडप.

दिवस २ ते ४

दुपारी ४ च्या सुमारास बुडी, दिवा चालू असतानाच. यात आजार नाही, हे घड्याळ आहे. बालीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, तिथला सूर्यास्त म्हणजे आपली दुपारची ४ ची वेळ. दिवा सकाळी ६.३० ते दुपारी ४.३० असा लावला आणि रोज १५ मिनिटं पुढे ढकलायचं ठरवलं.

बाष्पीभवनाची भर गोड्या पाण्याऐवजी खाऱ्या पाण्याने केली. घनता रोज ०.००१ ने चढली, पाचव्या दिवशी १.०२५. वर चढवताना घाई नको, माशाला खाली येण्यापेक्षा वर जाणं जड जातं.

दिवस ५

सकाळी वाळूतून आधी फक्त नाकाचं टोक आणि दोन डोळे वर आले. डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरत होते, एक काचेकडे, एक फिल्टरकडे. दोन-तीन मिनिटं तसंच, मग एका झटक्यात बाहेर. मायसिसचे (कोळंबीसारख्या चिमुकल्या जीवाचं खाद्य) सहा दाणे खाल्ले. दिवसातून तीनदा, थोडंथोडं. या माशाला एकदाच भरपूर घालून उपयोग नाही, समुद्रात तो दिवसभर टिपत फिरतो.

दिवस ९ ते १६

पाइपावर अंग घासणं, एक डोळा धुरकट. फ्लूकचा (कातडीला, कल्ल्यांना चिकटणाऱ्या परजीवी कृमीचा) संशय. त्यावरचं औषध प्राझिक्वान्टेल लिटरला २.५ मिग्रॅ, म्हणजे ६० लिटरला १५० मिग्रॅ. औषध शोषून घेणारा फिल्टरमधला कार्बन काढला, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा) जोरात, कारण या औषधावर जिवाणू वाढून पाण्यातला ऑक्सिजन उतरतो. दोन दिवस खाणं निम्म्यावर. रॅसमध्ये हे दिसतं, म्हणून मात्रा वाढवायची नाही. अंड्यांवर औषध चालत नाही, सहा दिवसांनी दुसरा डोस. डोळा स्वच्छ. तांब्याची गरज पडली नाही. अंगावर पांढरे ठिपके, म्हणजे परजीवीचा आजार, नसताना या माशाला नुसतं सावधगिरी म्हणून तांबं देणं पटत नाही.

दिवस १७

दिव्याची वेळ रात्री ८.३० पर्यंत पोचली. मासा ८ वाजता झोपतो.

दिवस ३१ ते ३३

मुख्य टाकीत, भोकांच्या ॲक्रिलिक डब्यात, सोबत वाळूची वाटी. टँगने पहिल्या दिवशी शेपटीचा काटा डब्यावर आपटत हल्ले केले. बाहेरून डाव्या काचेला आरसा लावला, टँग तिकडे गुंतला. तिसऱ्या दिवशी डब्यासमोरून सरळ निघून गेला. तोवर सोडायचं नाही.

दिवस ३४ ते ३६

सकाळी बाकीच्यांना खायला घालून मग सोडलं, म्हणजे वाळूचा कोपरा शोधायला पूर्ण दिवस मिळतो. टँगने एकदा पाठलाग केला, रॅस वाळूत. पुढचे दोन दिवस दिसला नाही.

इथेच बहुतेक जण हात घालतात. घालू नये. उकरल्याने अंगावरचा चिकट थर निघतो, मासा उसळून झाकणावर आदळतो आणि सुरक्षित जागा गमावतो. मेला आहे का, हे नासारियस (मेलेलं मांस खाणाऱ्या) गोगलगायींकडे बघून कळतं. मेलेल्या माशावर त्या एकाच जागी गोळा होतात. इथे त्या टाकीभर विखुरलेल्या होत्या, अमोनिया शून्य. दिवे ४० टक्क्यांवर आणले, आरसा परत लावला, रोज ११ वाजता वाळूच्या कोपऱ्यावर पिपेटने पाच-सहा मायसिस सोडले.

दिवस ३७

११.१० ला नाक वर. दोन दाणे वाळूतूनच उचलले.

दिवस ४१

दिवे पूर्ण. खडकांवरून पाठीचा पर ताठ करून फिरतो, जिवंत (जीवजंतूंची वस्ती असलेल्या) खडकातले छोटे किडे टिपतो. चार चिमुकल्या गोगलगायी गायब आहेत, हे या जातीकडून अपेक्षितच होतं. टँग जवळून गेला तरी आता बाजूला सरकतो, वाळूत जात नाही. बुडी ८.०५ ला, उजव्या कोपऱ्यात, मागच्या काचेपासून चार बोटांवर.